बारा व्होल्टचा वीजपुरवठा: लोडची केबल, फ्यूज आणि इतर संरक्षक घटक कसे निवडावेत

बारा व्होल्टच्या तारेला हात लागला तरी शॉक बसत नाही, म्हणून ती कशीही ओढली तरी चालते, असा समज घरोघरी आहे. गणपतीच्या मखराला एलईडी पट्ट्या लावणारे, सोसायटीत सीसीटीव्ही बसवणारे, गच्चीवरच्या सौर पॅनेलवरून बॅटरी भरणारे असे पुष्कळजण याच भरवशावर हाताशी असेल ती बारीक तार वापरून मोकळे होतात. शॉकपुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे. आगीपुरते साफ चूक आहे. तार तापते ती तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहामुळे, आणि तीही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. ७२ वॅटचा भार २३० व्होल्टवर जेमतेम ०.३ अँपिअर घेतो. तोच भार १२ व्होल्टवर ६ अँपिअर घेतो. प्रवाह १९ पट झाला, म्हणजे त्याच तारेत निर्माण होणारी उष्णता साडेतीनशे पटींहून अधिक झाली. म्हणून घरच्या पंख्याला पुरणारी तार बारा व्होल्टच्या दिव्यांना पुरेलच, असे गृहीत धरता येत नाही.

या लेखात १२ आणि २४ व्होल्टच्या एसएमपीएसवर (२३० व्होल्टचे कमी व्होल्टच्या डीसीत, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहात, रूपांतर करणाऱ्या पुरवठ्यावर), आणि पुढे घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटरीवर, लोडची केबल व तिचे संरक्षण कसे ठरवावे हे क्रमाने मांडले आहे. क्रमाला येथे महत्त्व आहे: आधी भाराचा प्रवाह, मग अंतर, मग तार, मग तारेला शोभेल असा फ्यूज, आणि शेवटी जोड. प्रत्यक्षात मात्र बहुतेकदा उलटे घडते. दुकानात मिळाली ती वायर आणली जाते आणि मग जो उडत नाही तो फ्यूज बसवला जातो. २३० व्होल्टच्या बाजूचे कायमस्वरूपी काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. त्या बाजूला काय असायला हवे एवढेच येथे सांगितले आहे, जेणेकरून झालेले काम तपासून घेता येईल.

पहिली पायरी: भाराचा खरा प्रवाह

सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. एका सभागृहातल्या सजावटीसाठी ५०५० जातीच्या, मीटरमागे ६० दिवे असलेल्या चार एलईडी पट्ट्या लावायच्या आहेत आणि प्रत्येक पट्टी ५ मीटरची आहे. अशी पट्टी मीटरमागे १४.४ वॅट घेते, म्हणजे एका पट्टीचे ७२ वॅट आणि ६ अँपिअर. चारही पट्ट्यांचे मिळून २८८ वॅट आणि २४ अँपिअर. बाजारात सहज मिळणारा जाळीदार पत्र्याच्या पेटीतला १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा, अर्थात ३६० वॅटचा एसएमपीएस येथे ८० टक्के भारावर चालेल. सतत चालणाऱ्या पुरवठ्याला याहून अधिक ताणू नये. नाव नसलेल्या स्वस्त मालाच्या बाबतीत तर ‘३० अँपिअर’ हे स्टिकरवरचे आकडे आहेत असे समजून साठ-सत्तर टक्क्यांवरच थांबावे, असे माझे मत आहे.

भार मोजताना तो सर्वांत वाईट परिस्थितीत मोजावा. सीसीटीव्ही कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे लागल्यावर अधिक प्रवाह घेतो, म्हणून त्याची मोजणी अंधारातच करावी. मोटर किंवा पंप सुरू होतानाचा प्रवाह चालू प्रवाहाच्या कित्येक पट असतो. इन्व्हर्टरच्या बाबतीत बॅटरी उतरत आली की व्होल्टेज घटते आणि तेवढेच वॅट पुरवण्यासाठी प्रवाह वाढतो; तेव्हा हिशेब १२ ने नव्हे, तर १०.५ किंवा ११ व्होल्टने करावा लागतो. शक्य असेल तेथे डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा मीटर, लावून खात्री करून घ्यावी. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी, म्हणजे घरच्या विजेसारखा दिशा बदलत राहणारा प्रवाह, मोजतो, आणि बारा व्होल्टच्या तारेवर तो निर्धास्तपणे शून्य दाखवतो.

दुसरी पायरी: अंतर आणि व्होल्टेजची घट

कमी व्होल्टेजवर तारेची जाडी बहुधा तापण्यापेक्षा व्होल्टेजच्या घटीवरूनच ठरते. हिशेब सोपा आहे: जाण्या-येण्याची एकूण लांबी मीटरमध्ये, गुणिले मीटरमागचा रोध, गुणिले प्रवाह. जाण्या-येण्याची, कारण प्रवाह धन तारेने जातो आणि ऋण तारेने परत येतो. ८ मीटर अंतरासाठी हिशेबात १६ मीटर तार धरायची. पुढील यादीत लवचिक तांब्याच्या तारेचे आकार, २० अंश सेल्सिअस तापमानाला मीटरमागे कमाल रोध, आणि कन्ड्युइटमधून (नळीतून) किंवा केसिंगमधून (झाकणाच्या पट्टीतून) नेलेल्या पीव्हीसी तारेसाठी मी स्वतः पाळतो ती सावध प्रवाहमर्यादा दिली आहे. उत्पादकांच्या तक्त्यांत याहून थोडे मोठे आकडे आढळतील.

०.५ चौरस मिमी: ३९ मिलिओहम, ३ अँपिअर
०.७५ चौरस मिमी: २६ मिलिओहम, ६ अँपिअर
१ चौरस मिमी: १९.५ मिलिओहम, १० अँपिअर
१.५ चौरस मिमी: १३.३ मिलिओहम, १३ अँपिअर
२.५ चौरस मिमी: ७.९८ मिलिओहम, १८ अँपिअर
४ चौरस मिमी: ४.९५ मिलिओहम, २४ अँपिअर
६ चौरस मिमी: ३.३ मिलिओहम, ३१ अँपिअर

आता आपल्या उदाहरणात एसएमपीएसपासून पट्टी ८ मीटर दूर आहे असे धरू. १ चौरस मिमीच्या तारेत १६ मीटर, १९.५ मिलिओहम आणि ६ अँपिअर यांचा गुणाकार १.८७ व्होल्ट येतो. म्हणजे पट्टीला दहा व्होल्टच्या आसपासच मिळतात, पांढरा प्रकाश मंद होतो आणि रंगीत पट्टीतले रंग बिघडतात. दीडच्या तारेत घट १.२८ व्होल्ट, अडीचच्या तारेत ०.७७ व्होल्ट आणि चारच्या तारेत ०.४८ व्होल्ट आहे. घट चार-पाच टक्क्यांच्या आत ठेवायची असेल तर चारची वायर घ्यावी लागेल, आणि चार पट्ट्यांसाठी चारच्या वायरच्या चार जोड्या हा खर्च कोणालाही जड जाईल.

यावरचा स्वस्त उपाय तारेत नसून जागेत आहे. एसएमपीएस पट्टीपासून ३ मीटरवर आणला की दीडच्या तारेतही घट ०.४८ व्होल्टच राहते. लांबचे अंतर २३० व्होल्टने काटावे आणि शेवटचे दोन-तीन मीटर १२ व्होल्टने, हा नियम सजावटीच्या कामात फार उपयोगी पडतो. दुसरा उपाय २४ व्होल्टच्या पट्ट्या घेण्याचा: प्रवाह निम्मा होतो आणि टक्केवारीत घट एक-चतुर्थांश होते. नवे काम असेल तर मी २४ व्होल्टच सुचवेन. एसएमपीएसवरचा व्होल्टेजचा स्क्रू फिरवून घट भरून काढणे हा मात्र उपाय नव्हे. तसे केल्याने दूरची पट्टी सुधारते, पण जवळची अधिक व्होल्टेजवर चालून लवकर काळवंडते. एका पट्टीच्या शेपटाला दुसरी पट्टी जोडून दहा मीटरची माळ करणेही टाळावे. पट्टीच्या आतली तांब्याची पातळ फीत एवढा प्रवाह वाहण्यासाठी नसते, आणि ती सुरुवातीच्या वीतभर भागातच तापते. प्रत्येक पट्टीला स्वतंत्र जोडी हवी.

कॅमेऱ्याला प्रवाह कमी असला तरी अंतर मोठे असते. अर्धा अँपिअर घेणारा कॅमेरा ३० मीटरवर ०.५ चौरस मिमीच्या तारेने जोडला, तर १.१७ व्होल्ट वाटेतच जातात. दिवसा सुरळीत चालणारा कॅमेरा रात्री बंद पडतो किंवा पुन्हा पुन्हा सुरू होतो, तेव्हा कॅमेरा बदलण्याआधी त्याच्या पिनवरचे व्होल्टेज रात्री मोजून पाहावे.

तिसरी पायरी: तार खरी आहे का

वरचा सगळा हिशेब शुद्ध तांब्याचा आहे. ऑनलाइन आणि जुन्या बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार सर्रास मिळते. तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दीडपटीहून अधिक असतो, ती वाकवली की लवकर तुटते आणि स्क्रूखाली दाबली की सैल पडत जाते. ओळखण्याच्या दोन साध्या रीती आहेत. एक तंतू पातीने खरवडावा: आत पांढरट धातू दिसला तर ती तार परत करावी. दुसरी रीत वजनाची. ९० मीटरच्या गुंडाळीत दीडच्या तारेत नुसते तांबेच १.२ किलो भरते आणि त्यावर पीव्हीसीचे वजन वेगळे. गुंडाळी हातात घेतल्यावर पोकळ वाटली तर शंकेला जागा आहे.

जाडीही स्वतः मोजता येते. सोलून तंतू मोजावेत आणि एका तंतूचा व्यास व्हर्नियरने किंवा मायक्रोमीटरने पाहावा. ०.३ मिमी व्यासाच्या एका तंतूचे क्षेत्रफळ ०.०७०७ चौरस मिमी असते. असे ३६ तंतू असतील तर ती खरोखर अडीचची वायर आहे. २२ असतील तर दीडची. ‘अडीच’ म्हणून विकलेल्या तारेत पंचवीस-सव्वीस तंतू निघाले तर तिला दीडची समजूनच फ्यूज लावावा. तारेवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ६९४ हा क्रमांक छापलेला असावा. मखर, मंडप किंवा खोट्या छताच्या आतून तार जाणार असेल तर आग पसरू न देणारी आणि धूर कमी करणारी, एफआरएलएस लिहिलेली घ्यावी. दरात फारसा फरक नसतो.

गेजमध्ये तार विकत घेताना एक खबरदारी घ्यावी. आपल्याकडे जुने कारागीर ब्रिटिश गेज धरतात, तर ऑनलाइन मिळणारी सिलिकॉन तार अमेरिकन गेजमध्ये येते. १४ ब्रिटिश गेजचे क्षेत्रफळ ३.२४ चौरस मिमी आहे, आणि १४ अमेरिकन गेजचे २.०८. आकडा एकच, पण तांबे एक-तृतीयांशाहून अधिक घटलेले.

तापमानाचे भान येथेच ठेवायचे. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. भोवतालची हवा ३० ऐवजी ४५ अंशांची असेल तर तारेची क्षमता ७९ टक्के उरते आणि ५० अंशांना ७१ टक्के. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ५० अंश ही काही अतिशयोक्ती नव्हे. अनेक तारा एकाच नळीत कोंबल्या की क्षमता आणखी घटते. उरलेली तार गुंडाळून एसएमपीएसच्या मागे ठेवण्याची सवय तर मोडायलाच हवी, कारण त्या वेटोळ्याच्या मधल्या फेऱ्यांना उष्णता टाकायला जागाच नसते.

चौथी पायरी: फ्यूज

फ्यूज उपकरण वाचवण्यासाठी असतो असे समजून तो उपकरणाच्या आकड्यावरून निवडला जातो. लोडच्या केबलवरचा फ्यूज मुख्यतः केबलसाठी असतो. त्यामुळे नियम असा: भाराचा प्रवाह फ्यूजपेक्षा कमी, आणि फ्यूज तारेच्या क्षमतेइतका किंवा त्याहून कमी. सतत चालणाऱ्या भारासाठी प्रवाहाच्या सव्वापट फ्यूज घ्यावा. आपल्या पट्टीचे ६ अँपिअर, त्याची सव्वापट ७.५, आणि दीडच्या तारेची मर्यादा १३. साखळी बरोबर जुळली.

‘एसएमपीएसमध्ये शॉर्ट सर्किटचे संरक्षण असतेच, मग वेगळा फ्यूज कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचे उत्तर आकड्यांतच पाहायला हवे. ३० अँपिअरच्या एसएमपीएसला १० मीटर लांब, ०.५ चौरस मिमीची तार जोडली आहे आणि तिच्या शेवटच्या टोकाला धन-ऋण एकमेकांना चिकटले, असे समजा. २० मीटर तारेचा रोध ०.७८ ओहम, म्हणून प्रवाह सुमारे १५ अँपिअर. एसएमपीएसच्या दृष्टीने हा शॉर्ट सर्किट नाहीच. तो निम्म्या क्षमतेचा अगदी नेहमीचा भार आहे, आणि एसएमपीएस तेवढा प्रवाह आनंदाने देत राहतो. तारेत मात्र सुमारे १८० वॅट उष्णता निर्माण होते, जोडीच्या प्रत्येक मीटरला सुमारे १८ वॅट, आणि तीन अँपिअरची ती तार मखराच्या कापडामागे वितळू लागते. त्या तारेच्या सुरुवातीला ३ अँपिअरचा फ्यूज असता तर काही क्षणांत विषय संपला असता. एसएमपीएसचे संरक्षण एसएमपीएससाठी असते. तुमच्या तारेबद्दल त्याला काहीच ठाऊक नाही.

जाड आणि आखूड तारेत शॉर्ट झाला तर चित्र वेगळे दिसते. तेथे प्रवाह मर्यादेबाहेर जातो आणि एसएमपीएस क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होण्याचा प्रयत्न करत राहतो. सगळ्या पट्ट्या एका लयीत लुकलुकू लागल्या तर कौतुकाने पाहत न बसता आधी मुख्य स्विच बंद करावा.

फ्यूज कुठे बसवायचा हे त्याच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. तो तारेच्या सुरुवातीला, पुरवठ्याच्या टोकाजवळ हवा. उपकरणाजवळ बसवलेला फ्यूज मधल्या तारेतला दोष पाहूच शकत नाही. आणि जाड तारेतून जेथे बारीक तार फुटते, तेथे नवा फ्यूज लागतो. चारच्या वायरवर २० अँपिअरचा फ्यूज आहे आणि तिच्यातूनच कॅमेऱ्यासाठी ०.५ ची तार काढली आहे, तर तो २० चा फ्यूज त्या बारीक तारेसाठी नसल्यातच जमा आहे.

एसएमपीएसच्या शाखांसाठी मोटारीत वापरतात ते पात्याचे फ्यूज आणि सहा किंवा आठ घरांची फ्यूजपेटी सर्वांत सोयीची पडते. मोटारींचे इलेक्ट्रिकल सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात ती मिळते. रंग ठरलेले असतात: ३ अँपिअर जांभळा, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. हे फ्यूज ३२ व्होल्ट डीसीपर्यंतचेच आहेत. २३० व्होल्टच्या बाजूला ते चुकूनही लावू नयेत. काचेच्या नळीचे ५ बाय २० मिमीचे फ्यूज छोट्या शाखांना चालतात, पण त्यांची तोडण्याची क्षमता थोडी असते: साधारण ३५ अँपिअर किंवा फ्यूजच्या आकड्याच्या दहापट, यातले जे अधिक ते. एसएमपीएस त्याहून फारसे देऊच शकत नाही, म्हणून तेथे निभावते. बॅटरीवर निभावत नाही.

बॅटरी असेल तर

बॅटरीला प्रवाहाची मर्यादा नसते. घरगुती इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी शॉर्ट झाली तर हजारांहून अधिक अँपिअर सहज फेकते, आणि स्क्रूवर पडलेला पाना त्या जागीच चिकटून लाल होतो. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळावी, हातातली अंगठी आणि कडे काढून ठेवावे, आणि बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी सोडवावे.

इन्व्हर्टरवर ७०० वॅटचा भार आहे आणि त्याची कार्यक्षमता ८५ टक्के आहे असे धरले, तर बॅटरीतून ८२४ वॅट ओढले जातात. १०.५ व्होल्टला हे सुमारे ७८ अँपिअर होतात, आणि त्याची सव्वापट ९८. म्हणून १०० अँपिअरचा फ्यूज. आता तार. मोकळ्या भिंतीवरून नेलेल्या २५ चौरस मिमीच्या पीव्हीसी केबलची क्षमता ३० अंशांना ११२ अँपिअर आहे, म्हणजे थंड खोलीत ती १०० च्या फ्यूजला पुरते. पण बॅटरी माळ्यावर किंवा बंद गॅलरीत असेल आणि तेथे ४५ अंश होत असतील, तर क्षमता ८८ वर येते आणि साखळी तुटते. तेथे ३५ चौरस मिमीची केबल घ्यावी, कारण तिची १३८ ची क्षमता घटूनही १०९ उरते. इन्व्हर्टरबरोबर येणारी केबल आखूड असते ती कंजुषीमुळे नव्हे. तिला जोड देऊन लांबवू नये. बॅटरीच जवळ आणावी.

येथे एएनएल, मिडी किंवा मेगा प्रकारचा बोल्टने आवळायचा फ्यूज वापरावा, आणि तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत बसवावा. त्या वीतभर तुकड्याला संरक्षण नसते, म्हणून त्यावर जाड नळी चढवावी आणि तो पत्र्याच्या कडेला घासणार नाही असे पाहावे.

या जागी घरात वापरतात तो ६३ अँपिअरचा साधा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) बसवलेला अनेकदा दिसतो. त्यावर माझा ठाम आक्षेप आहे. आपला ५० हर्ट्झचा एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, आणि संपर्क उघडताना पेटलेली ठिणगी त्या क्षणी विझते. डीसी प्रवाह कधीच शून्यावर येत नाही, त्यामुळे ठिणगी तशीच पेटत राहू शकते. बारा व्होल्टला हा धोका तुलनेने कमी असतो, पण बॅटरीचा शॉर्ट सर्किटचा प्रवाह प्रचंड असतो. आणि ४८ व्होल्टची बॅटरी किंवा दोन-तीनशे व्होल्टची सौर पॅनेलची माळ असेल तर एसीचा एमसीबी हातातच जळू शकतो. डीसीसाठीचाच एमसीबी घ्यावा, त्यावरचे डीसी व्होल्टेज वाचावे, आणि त्यावर धन-ऋण खुणा असतील तर त्या तंतोतंत पाळाव्यात. खुणा असलेला एमसीबी उलटा जोडला, तर आतले चुंबक ठिणगी विझवण्याच्या खोबणीत न ढकलता उलट दिशेला ढकलते.

पाचवी पायरी: २३० व्होल्टची बाजू

३६० वॅटचा एसएमपीएस पूर्ण भारावर सुमारे ४२० वॅट घेतो. स्वस्त पुरवठ्यात पॉवर फॅक्टरची दुरुस्ती नसते, म्हणजे तो तेवढ्याच वॅटसाठी अधिक प्रवाह ओढतो, म्हणून प्रवाह नुसत्या भागाकाराने येणाऱ्या १.८ ऐवजी तीन अँपिअरच्या जवळपास धरावा. ६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग आणि १ चौरस मिमीची तीन तारांची केबल पुरते. पेटीच्या बाजूच्या छिद्रातून दिसणारा ११५/२३० चा सरकता स्विच २३० वर आहे ना, हे वीज देण्याआधी पाहावे. ११५ वर राहिला तर आतले कपॅसिटर मोठा आवाज करून फुटतात.

अर्थिंगची हिरवी तार अर्थची खूण असलेल्या टोकाला जोडलेलीच हवी. ती नसेल तर आतल्या गाळणीच्या कपॅसिटरमुळे पेटीवर जवळपास निम्मे व्होल्टेज येते, आणि पेटीला किंवा पट्टीच्या उघड्या टोकाला ओलसर हात लागला की चुरचुरते. ही चुरचुर ‘सगळ्याच एसएमपीएसला असते’ असे सांगितले जाते. ती अर्थिंग नसलेल्या सगळ्यांना असते, एवढेच खरे आहे.

या बाजूला एमसीबी सी वर्गाचा घ्यावा. एसएमपीएस सुरू होताना आतले रिकामे कपॅसिटर भरण्यासाठी क्षणभर चाळीस-पन्नास अँपिअर ओढतो. बी वर्गाचा एमसीबी आकड्याच्या तीन ते पाच पटींवर तत्काळ पडतो, तर सी वर्गाचा पाच ते दहा पटींवर. वीज जाऊन परत आली की एकाच एमसीबीवरचे चार-पाच एसएमपीएस एकदम सुरू होतात आणि एमसीबी पडतो, याचे कारण हेच. मोठा एमसीबी लावण्यापेक्षा पुरवठे दोन शाखांत विभागावेत. एमसीबीच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) असावा, आणि तो ए वर्गाचा असावा, कारण इलेक्ट्रॉनिक पुरवठ्यातून गळणारा प्रवाह शुद्ध एसी नसतो आणि साधा एसी वर्गाचा आरसीसीबी तो ओळखेलच असे नाही. आरसीसीबी अतिभारावर पडत नाही. तो एमसीबीची जागा घेऊ शकत नाही.

गणेशोत्सव भर पावसाळ्यात येतो. उघड्या मंडपात जाळीदार पेटीचा एसएमपीएस प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवण्यापेक्षा बंद, पाणीरोधक धातूच्या आवरणातला घ्यावा आणि तो जमिनीपासून उंच टांगावा. पिशवीत पाणी शिरते आणि उष्णता मात्र बाहेर पडत नाही.

छोटे घटक

व्हॅरिस्टर फेज आणि न्यूट्रलमध्ये बसतो आणि विजेचे क्षणिक उसळणे शोषून घेतो. आपल्याकडे न्यूट्रल सैल होऊन घरात ३०० ते ४०० व्होल्ट येण्याचे प्रकार घडतात, आणि अशा वेळी व्हॅरिस्टर क्षणिक नव्हे तर सतत तापतो आणि पेट घेऊ शकतो. म्हणून २७५ व्होल्टच्या १४डी४३१ ऐवजी ३०० व्होल्टचा १४डी४७१ निवडावा, आणि त्याच्या आधी फ्यूज असायलाच हवा. न्यूट्रल तुटण्यावर खरा उपाय मात्र व्हॅरिस्टर नाही; व्होल्टेज मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारा रिले हाच आहे.

डीसी बाजूला उलट्या जोडणीपासून वाचण्यासाठी फ्यूजनंतर धन आणि ऋण यांच्यामध्ये एक डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा घटक) उलटा लावतात. कोणी बॅटरी उलटी जोडली की डायोड प्रवाह आपल्याकडे घेतो आणि फ्यूज उडतो. यासाठी डायोड फ्यूज उडेपर्यंत टिकेल इतका मोठा हवा; ३ अँपिअरचा १एन५४०८ छोट्या शाखेलाच चालेल. मोटर किंवा रिलेच्या गुंडाळीवर असाच डायोड लावल्याने स्विच बंद करतानाची उसळी थांबते.

सहावी पायरी: जोड

जळालेल्या जोडण्यांमध्ये तार मधोमध जळालेली क्वचितच दिसते. काळे पडलेले असते ते टोक. बहुतंतू तार स्क्रूखाली घालताना तिच्या टोकाला कथील लावण्याची पद्धत सुबक दिसते, पण कथील दाबाखाली हळूहळू सरकते, स्क्रू सैल होतो आणि रोध वाढतो. त्याऐवजी फेरूल म्हणजे तारेच्या टोकावर बसणारी धातूची नळी, किंवा लग म्हणजे बोल्टसाठी भोक असलेले धातूचे टोक, योग्य क्रिम्पिंग पक्कडीने दाबून बसवावा. साध्या पक्कडीने चेचलेला लग ओढून पाहिला तर बहुधा हातात येतो. एका स्क्रूखाली चार तारा कोंबू नयेत. एसएमपीएसवर धन आणि ऋणाचे तीन-तीन स्क्रू असतात, त्यांवरून जाड तारा फ्यूजपेटीपर्यंत न्याव्यात आणि फाटे तेथे फोडावेत. कॅमेऱ्याचा गोल जॅक पाच अँपिअरच्या पुढे कधीच वापरू नये, आणि स्वस्त असेल तर दोनच्याही पुढे नको. ४० ते ६० अँपिअरची गरज असेल तर लग आणि बोल्ट हीच खरी जोडणी.

सातवी पायरी: तपासणी

वीज देण्याआधी मल्टिमीटरने धन आणि ऋण यांच्यात शॉर्ट नाही आणि प्रत्येक टोकाची खूण बरोबर आहे, याची खात्री करावी. मग पूर्ण भार देऊन एक तास थांबावे. तासानंतर प्रत्येक पट्टीच्या टोकावर व्होल्टेज मोजावे आणि दुसऱ्या पायरीतल्या हिशेबाशी ताडून पाहावे. घट हिशेबापेक्षा बरीच जास्त असेल तर एक तर तार खोटी आहे किंवा एखादा जोड सैल आहे. कोणता, ते मिलिव्होल्टवर ठेवलेला मीटर सांगतो. मीटरची एक पिन स्क्रूवर आणि दुसरी त्यातल्या तारेच्या धातूवर टेकवावी. २० अँपिअर वाहत असताना तेथे १०० मिलिव्होल्ट दिसले, तर त्या एवढ्याशा जागेत २ वॅट उष्णता निर्माण होत आहे. तो जोड उघडून पुन्हा करावा. चांगल्या जोडावर हा आकडा पाच-दहा मिलिव्होल्टच्या आत असतो. फ्यूज कोमट लागणे स्वाभाविक आहे, पण त्यावर बोट टेकवून ठेवता येत नसेल तर त्याचे घर सैल आहे किंवा शाखेवरचा भार वाढला आहे.

फ्यूजपेटीच्या झाकणावर प्रत्येक शाखेचे नाव, तारेचा आकार आणि फ्यूजचा आकडा कायमच्या शाईने लिहून ठेवावा, आणि त्याच आकड्यांचे दोन-दोन जादा फ्यूज पिशवीत घालून झाकणाच्या आत चिकटवावेत. ऐन आरतीच्या वेळी फ्यूज उडतो, योग्य आकड्याचा हाताशी नसतो, आणि कोणीतरी त्या जागी ३० चा हिरवा किंवा नुसती तांब्याची तार घालतो. ती पिशवी तेवढ्यासाठीच असते. फ्यूज दुसऱ्यांदाही उडाला तर तिसरा घालू नये. ती शाखा सोडवून बाजूला ठेवावी आणि दोष सापडेपर्यंत उरलेल्या तीन पट्ट्यांवर काम भागवावे.